बागेआधीचे मळे कसे शोधायचे

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या सार्वजनिक बागेत फाटकापासून विहिरीपर्यंत चिंचांची एक सरळ रांग आहे. बागेतल्या वाटांशी तिचा काही मेळ बसत नाही. बसणार कसा, ती दोन मळ्यांमधल्या बांधावरची आहे. त्यातल्या एका मळ्यात माझे आज्जा मोट हाकायचे. तुमच्या गावची बागही अशीच कुणाच्या मळ्यांतून झाली असेल, तर तिचा इतिहास लिहून ठेवाच.

कागदाआधी बाग पायाखाली घाला. जुन्या विहिरीच्या एका अंगाला उतार दिसला तर ती बैलांची धाव. काठाशी दगडी थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायची जागा असते. आमचं थारोळं मोटेचं पाणी पडून पडून मधोमध वाटीसारखं झिजलंय. तिथून पाट कुठं जायचा ते बघत चला, जिथं संपतो तिथं बहुधा मळ्याची हद्द सापडते.

मग सिटी सर्व्हे ऑफिस. बागेचं प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावरच्या सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबरावरून जुना सर्व्हे नंबर विचारा. मी नुसता नवा नंबर घेऊन हिंडले आणि माझ्या दोन खेपा वाया गेल्या. जुना नंबर हाती आला की टिप्पण (मूळ मोजणीचा कच्चा नकाशा), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) आणि पोटहिश्श्यांचे नकाशे मागता येतात. क्षेत्राची बेरीज सांभाळून करा. २-३० आणि १-२५ म्हणजे ३-५५ नव्हे; ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून ४ एकर १५ गुंठे. ही बेरीज आजच्या बागेशी ताडून बघा. कमी भरलं तर जमीन कुठं गेली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

जमीन सरकारनं घेतली असेल तर १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे कागद शोधा. कलम ४ ची नोटीस, कलम ६ चा जाहीरनामा आणि कलम ११ चा निवाडा. निवाडा सोडू नका! झाडं, विहिरी, घरं आणि कुणाला किती भरपाई, हे त्यातच सापडतं. मालकानं दान दिली असेल तर बक्षीसपत्र बघा, त्यातल्या अटींसकट.

आपल्याकडं तारीख फार महत्त्वाची. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्याआधीची नोटीस मुंबईच्या गॅझेटात, नंतरची म्हैसूरच्या. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, त्यामुळं तिथले जुने कागद संस्थानच्या दप्तरात शोधावे लागतात. फार जुनं असेल ते मोडीत, नंतरचं कन्नडमध्ये. मोडी जाणणारा माणूस गाठा. कन्नड वाचायला मी शेजारच्या अक्कांना सोबत नेते, त्या एकेक शब्द समजावून सांगतात.

कागद मिळेना तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून सर्व्हे नंबर आणि साल पहिल्याच ओळीत घाला.

यातल्या एकाही कागदात मला आज्जांचं नाव मिळालं नाही. मालक आहेत, एक कूळ आहे, मोटकरी नाही, भांगलणाऱ्या बायका नाहीत. म्हणून वडगावातल्या दोन म्हाताऱ्यांना मी बागेतच घेऊन आले. घरी विचारलं तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं. थारोळ्यावर हात ठेवल्यावर सहा जणींची नावं निघाली. नाव, कुणी सांगितलं आणि कुठल्या तारखेला, हे तिथल्या तिथं वहीत उतरवा आणि नकाशावर त्या जागी खूण करा.