अंगणातलं पाणी रस्त्यावर ढकलताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरामागं काही वर्षांपूर्वी मी हौसेनं पावसाचं पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा खणला. चार बाय चार, पाच फूट खोल, विटांचे तुकडे, वर खडी. गच्चीचं सगळं पाणी त्यात सोडलं आणि गल्लीत कॉलर ताठ करून फिरलो. जूनच्या दुसऱ्याच जोरदार पावसाला शेजारचा पोरगा कंपाउंडवरून वाकून म्हणाला, "काका, खड्डा तुंबलाय की!"

तुंबला तो चार दिवस तुंबूनच राहिला. खड्डा नीट होता. माती काळी आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. वळवाचं पहिलं पाणी त्या भेगांतून सरसर आत जातं आणि आपल्याला वाटतं, जमलं. मग माती फुगते, भेगा मिटतात, पुढचं पाणी वरच तरंगतं. म्हणून खड्ड्याला पैसे घालायच्या आधी दीड फूट खणून त्यात बादल्या ओता. ते जिरलं की पुन्हा भरा. खरी परीक्षा या दुसऱ्या भरण्याची. सकाळी पाणी तसंच दिसलं, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. मी माझ्या खड्ड्याला आतून गिलावा मारून घेतला. आता तो झाकणाचा हौद आहे.

दुसरी गोष्ट जागेची. सोय म्हणून खड्डा जोत्याला चिकटून घेतात. काळी माती पायाशी सारखी भिजत-सुकत राहिली की पाया हलतो आणि भिंतीवर तिरक्या भेगा दिसायला लागतात. निदान दहा फूट अंतर ठेवाच. काळ्या मातीत जास्त.

साताऱ्याचं गणित वेगळं. माझी बहीण अजिंक्यताऱ्याच्या उतारावर राहते. तिथं खाली मुरूम, पाणी बघता बघता जिरतं. पण उतारावरच्या दगडी भिंतीच्या अगदी डोक्यावर खड्डा खणला, तर जिरलेलं पाणी भिंतीमागं साठून तिलाच ढकलतं. भिंतीतून पाणी झिरपायला ठेवलेली भोकं गळतात म्हणून सिमेंटनं बुजवणारेही पाहिलेत. ती गळण्यासाठीच असतात हो!

आता कोबा. अंगणात चिखल नको म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट ओततात. पेव्हर ब्लॉक बसवले तरी खाली काँक्रीट आणि सांध्यात सिमेंट, म्हणजे नाव ब्लॉकचं, काम कोब्याचं. ब्लॉक खडी आणि कचीवर, म्हणजे दगडाच्या बारीक चुरीवर बसवा, सांध्यात कचच भरा. गाडीला चाकांपुरते दोन पट्टे पुरतात, मध्ये गवत राहू द्या. बागेचे वाफे अंगणापेक्षा उंच करायची तर फॅशनच झालीय. वाफा उंच असला की पाणी त्याला वळसा घालून फाटकाबाहेर पडतं. तो चार-सहा इंच खोलगट करा, कर्दळ लावा, केळ लावा. आमच्या आजीच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू माजलेला असायचा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट खोड. मैल्याच्या लाइनीला पावसाचं पाणी झेपत नाही. मग ते खालच्या घराच्या नहाणीतून वर येतं, तेही एकटं येत नाही.

बॅरल ठेवणारे वेगळ्याच ठिकाणी फसतात. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १००० चौरस फुटांची गच्ची साधारण ९३ चौरस मीटर भरते. २०० लिटरचं बॅरल २ मिलिमीटरच्या किरकोळ सरीतच जवळजवळ भरतं. २५ मिलिमीटर पडला तर २३०० लिटर येणार. वरून वाहणारं पाणी कुठं जाणार ते आधी ठरवा. ते जोत्याशीच सांडलं तर भेगांचं दुखणं पुन्हा मागं लागतं. त्याला पाइप लावून वाफ्यात सोडा. पहिल्या पावसाचं गच्ची धुतलेलं पाणी बॅरलमध्ये घेऊ नका, आणि तोंडाला जाळी घट्ट बांधा, नाहीतर डासांची सोय. बोअरमध्ये तर गच्चीचं पाणी गाळल्याशिवाय कधीच सोडू नका. घाण थेट भूजलात जाते.

सांगलीत आणखी एक चढाओढ चालते, भरावाची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्या पाण्यापुढं आपल्या अंगणातल्या खड्ड्या-बॅरलांचं काही चालत नाही, हे मान्य. पण त्यानंतर जो तो प्लॉट दोन-दोन फूट उचलायला लागला, आणि रोजच्या पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या दारात जायला लागलं. त्यात नदी चढली की नाल्यांचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलट मागं फिरतं. भराव घालायचाच असेल तर घराच्या जोत्यापुरता घाला. कडेचं अंगण खालीच ठेवा आणि शेजारच्या हद्दीलगत मातीचा उथळ चर काढा.

आमच्या शेजाऱ्यांनी हे न करता आधीच दोन फूट भराव टाकलाय. त्यामुळं तो चर सध्या आमच्या बाजूनं आहे, आणि दर जूनला त्यातला गाळ मीच काढतो.