तलावातल्या भटकंतीसाठी जुनी शिडाची होडी कशी निवडावी

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये शिडाच्या होडीतून दिवसभर भटकण्याइतके सुख क्वचितच मिळते. तिथल्या विंडरमिअर तलावावर २००५पासून मोटरबोटींना ताशी १० सागरी मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे लहान होड्यांना लाटांचा त्रास कमी होतो. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांनी हा छंद जरूर करून पाहावा. त्यासाठी नवी होडी लागत नाही. नीट राखलेली चाळीस वर्षांची डिंगी, म्हणजे लहान उघडी होडीही उत्तम चालते. मात्र शर्यतीची होडी शोधू नका. उलटली तरी सरळ करता येईल आणि दमलेल्या माणसालाही पाण्यातून आत चढता येईल, अशी शोधा.

आधी बसणारी माणसे मोजा. दोन मोठी माणसे, दोन मुले आणि जेवणाचे डबे असतील तर वेफेअरर प्रकारची डिंगी पाहा. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली ही होडी ४.८२ मीटर लांब आहे. इंग्लिश नाविक फ्रँक डाय १९६३मध्ये एका सोबत्यासह याच उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंडला गेले! अडचण वजनाची. नुसती होडीच सुमारे १७० किलोची, म्हणजे ट्रेलर आणि पाण्यात उतरणारा चांगला उतार हवाच. एकट्याला किंवा एका मुलासोबत जायला मिरर पुरते. ती ३.३ मीटरची, जेमतेम ४५ किलोची असते आणि गाडीच्या टपावरही नेता येते. एंटरप्राइझ स्वस्तात मिळते, पण तिच्या आकारमानाने शिडे मोठी. डोंगरावरून अचानक वाऱ्याचा झोत उतरला की नवशिक्याची धांदल उडते. सुरुवातीला ती घेऊ नये, असे माझे मत आहे.

होडी पाहायला जाताना टॉर्च, स्पंज आणि जुने फडके न्या. सर्वात जास्त वेळ हवाबंद कप्प्यांना द्या, कारण उलटल्यावर तेच होडीला तरंगत ठेवतात. वेफेअररला ते पुढे आणि मागे असतात. झाकणे काढून आत टॉर्च मारा. साचलेले पाणी, पाण्याच्या पातळीची जुनी रेघ किंवा काळे पडलेले प्लायवुड दिसले, तर गळती आहे. मालकाची परवानगी असेल तर झाकणे लावून पाणी काढण्याच्या भोकातून हातपंपाने अगदी हळू हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. जोर लावू नका, कप्पा फुटेल.

मग सेंटरबोर्डची, म्हणजे होडी बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीची, पेटी तळाला जिथे जोडलेली असते तो सांधा बघा. जुनी होडी गळते ती बहुधा इथेच. लाकडी होडीत मागच्या फळीचे खालचे कोपरे अंगठ्याने दाबा. मऊ लागले तर लाकूड कुजले आहे. फायबरग्लासवरच्या केसाएवढ्या रेषांना घाबरू नका, पण डोलकाठीच्या बुडाशी किंवा तिच्या तारा जिथे अडकवतात तिथे तडा असेल तर सरळ नाही म्हणा. तारांवरून हात फिरवू नका, फडके फिरवा. ते अडकले तर तारेचा पदर तुटलेला आहे.

शिडे उघडून पाहायला संकोचू नका, कारण नवा संच कधी कधी जुन्या होडीपेक्षाही महाग पडतो. कापड मऊ, लुळे झाले असेल तर किंमत कमी करायला सांगा. जोराच्या वाऱ्यात मोठे शीड आखडण्याची, म्हणजे रीफ करण्याची, सोय नसेल तर ती शीडवाल्याकडून करून घ्यावी लागेल, तो खर्चही धरा. ट्रेलरचे चाक उचलून फिरवा. खरखर आली तर बेअरिंग बदलायला हवे. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला सामानासह ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मे, यांतले जे कमी असेल ती मर्यादा आहे.

होडी घेतल्यावर मुलांना बसवण्याआधी सेलिंग क्लबच्या मदतनीस बोटीजवळ, वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) आणि तरंगजाकीट घालून तिला मुद्दाम उलटवा, सरळ करा आणि दोघेही पाण्यातून आत चढून पाहा. चढता येत नसेल तर मागच्या बाजूला दोराची पायरी बांधा आणि पुन्हा चढून पाहा.