आरपीएम वाढला की टायमिंग सरकतंय? आधी ट्रिगरच्या दोन वायरी बघा

इंजिन स्टार्ट होतं, आयडलला छान चालतं, पण रेव्ह केलं की टायमिंग लाईटमध्ये (स्पार्कबरोबर चमकून तो नेमका कधी पडतोय ते दाखवणारा दिवा) क्रँकच्या पुलीवरची खूण जागा सोडते. असं दिसलं की बरेच जण थेट ईसीयूमधलं (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन टेबल, म्हणजे स्पार्क कधी द्यायचा त्याचा तक्ता, बदलायला बसतात, ते अजिबात करू नका, आधी व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात का ते बघा.

व्हीआर सेन्सर म्हणजे चुंबक आणि त्यावर गुंडाळलेली तार, क्रँकसोबत फिरणाऱ्या दातेरी ट्रिगर चाकासमोर बसवलेली. वायरी सुलट असतील तर दात जवळ येताना व्होल्टेज वर चढतं आणि दात बरोब्बर समोर आला की एकदम कोसळून शून्याच्या खाली जातं. ही उतरण इतकी उभी असते की आरपीएमसोबत व्होल्टेज कितीही वाढलं तरी शून्य जवळपास त्याच जागी ओलांडलं जातं, म्हणून बहुतेक ईसीयू तिच्यावरच भरवसा ठेवतात. वायरी उलट्या झाल्या की इथे चढ येतो आणि उतरण जाते दोन दातांच्या मधल्या खाचेत. ३६-१ किंवा ६०-२ चाकावर (३६ पैकी १ किंवा ६० पैकी २ दात कमी) जिथे दात गाळलेत तिथे तर ती रेंगाळत खाली येते, आणि नेमकी तीच जागा ईसीयू क्रँकची पोझिशन ओळखायला वापरतं! मग कधी सिंक जातो (क्रँक कुठे आहे ते ईसीयूला कळेनासं होतं), कधी टायमिंग आरपीएमप्रमाणे सरकतं, आणि लोडवर ते जास्त ॲडव्हान्स झालं (स्पार्क फार लवकर पडला) तर नॉकिंग (इंधन अवेळी भडकणं) होऊन पिस्टन जातो.

तपासायचं असं. इंजिन बंद, सेन्सरचा कनेक्टर काढा, मल्टीमीटर डीसी मिलीव्होल्टवर लावा आणि स्टीलचा स्क्रूड्रायव्हर झटकन सेन्सरच्या टोकाजवळ न्या. जवळ नेताना आकडा प्लसमध्ये उडाला तर लाल प्रोबची वायर पॉझिटिव्ह, ती ईसीयूच्या व्हीआर प्लसला जाते. ऑसिलोस्कोप असेल तर अजून उत्तम, स्टार्टरने क्रँक करून सरळ सिग्नलचा आकारच बघा.

उलटं निघालं तर कनेक्टरमधल्या दोन पिना अदलाबदल करा. शील्ड (वायरींवरचं धातूचं आवरण) फक्त ईसीयूच्या बाजूला ग्राउंड करायची. हे फक्त दोन वायरींच्या व्हीआरसाठी बरं का, तीन वायरींच्या हॉल सेन्सरच्या वायरी अशा कधीच फिरवू नका, तिथे सिग्नलचा चढ धरायचा का उतार (रायझिंग का फॉलिंग एज) ते सॉफ्टवेअरमध्ये निवडतात.

आता ईसीयूमध्ये टायमिंग १० डिग्रीवर लॉक करा आणि ट्रिगर अँगल (चाकावरची गाळलेली जागा आणि क्रँकची खरी पोझिशन यांतला कोन) नव्याने सेट करा, जुना आकडा आता चुकीचा आहे. मग आयडलपासून ४००० आरपीएमपर्यंत लाईट मारा. खूण हलली नाही तर पोलॅरिटी (वायरींचं प्लस-मायनस) बरोबर. अगदी थोडी, आरपीएमच्या प्रमाणात लेट होत असेल तर ती सिग्नलच्या डिलेची गोष्ट आहे, ती सेटिंग ईसीयूत वेगळी असते.