सी भाषेतली तयार नेटवर्क लायब्ररी अँड्रॉइड ॲपला कशी जोडावी

मासळीच्या लिलावाचे भाव बंदरावरून होडीवरच्या फोनपर्यंत पोहोचवणारे ॲप करायचे, तर संपर्क तुटणारच हे धरून चालावे लागते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात फोन कार्यालयाच्या वायफायवर असतो, धक्क्यावर आला की मोबाइल डेटावर जातो आणि होडी किनाऱ्यापासून लांब गेली की तोही नाहीसा होतो. टीसीपी या इंटरनेटवरच्या नेहमीच्या वाहतूक-प्रोटोकॉलची जोडणी दोन्ही बाजूंच्या आयपी पत्त्यांना आणि पोर्टना बांधलेली असल्यामुळे पत्ता बदलताच ती मोडते. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक प्रोटोकॉलमध्ये जोडणीला स्वतःची ओळख असते आणि पत्ता बदलला तरी तीच जोडणी पुढे चालवता येते. असा प्रोटोकॉल चालवणारी सी भाषेतली लायब्ररी ॲपमध्ये आणण्यासाठी हा लेख आहे. ज्यांचे ॲप मागणी पाठवून उत्तर घेण्यापलीकडे काही करत नाही, त्यांनी ओकेएचटीटीपी या अँड्रॉइडवरच्या प्रचलित एचटीटीपी लायब्ररीवर थांबावे. केवळ वेग वाढेल या आशेने एवढा व्याप मागे लावून घेऊ नये.

एनडीके, म्हणजे अँड्रॉइडसाठी सी भाषेतला कोड बांधण्याचा साधनसंच, बसवलेले आहे आणि लायब्ररीचा स्रोत हाती आहे असे गृहीत धरले आहे. सीमेक या बांधणीच्या साधनाने लायब्ररी आणि तिला जावा-कोटलिनशी जोडणारा आपला जेएनआय थर एकत्र बांधावेत. बाहेरून तयार '.एसओ' (बांधून झालेल्या लायब्ररीची) फाइल मिळाली असेल तर ती जेएनआयलिब्समध्ये त्या त्या प्रोसेसरच्या फोल्डरात ठेवावी आणि सिस्टीम.लोडलायब्ररीला नाव देताना सुरुवातीचे 'लिब' व शेवटचे '.एसओ' गाळावे. इंटरनेटची परवानगी मॅनिफेस्टमध्ये लिहावी. गुगल प्लेला ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट प्रत लागतेच, म्हणून ३२-बिट प्रत काढून टाका असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये, कारण बंदरावर जुने फोन वर्षानुवर्षे वापरात असतात आणि ३२-बिट प्रत नसेल तर त्यांवर ॲप बसतच नाही. याखेरीज १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढची आवृत्ती लक्ष्य करणाऱ्या नव्या ॲपना व अपडेटना १६ केबी मेमरी-पानांवर (फोन मेमरी ज्या ठोकळ्यांत वाटतो त्यांवर) चालण्याची अट आहे. एनडीकेच्या २८व्या आवृत्तीपासून ही मांडणी आपोआप होते. मात्र दुसऱ्याने बांधून दिलेली जुनी फाइल असेल तर ती नव्याने बांधून मागावी.

प्रमाणपत्रांबाबत एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. लायब्ररी स्वतःचे टीएलएस (जोडणी सांकेतिक करून सर्व्हरची ओळख तपासणारा थर) घेऊन येत असेल, तर अँड्रॉइडची नेटवर्क सुरक्षेची मांडणी तिला लागू होत नाही आणि विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी आपल्यालाच पुरवावी लागते. यादी दिली नाही की जोडणी नाकारली जाते, आणि मग 'तपासणी बंद करा' हा उपाय कोणीतरी सुचवतेच. तो करू नये, चाचणीपुरताही करू नये. चाचणीतली ती ओळ बाजारातल्या प्रतीत राहून जाते आणि मधल्या कोणालाही भाव बदलून दाखवता येतात.

आता खरे घोडे कुठे पेंड खाते ते पाहू. लायब्ररी लोड झाली, सर्व्हरशी बोलू लागली, म्हणजे काम संपले असे बहुतेक मार्गदर्शक समजतात. पण सर्व्हरकडून आलेला संदेश लायब्ररीच्या स्वतःच्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, येतो आणि तो थ्रेड जावाच्या यंत्रणेला ठाऊकच नसतो. जेएनआयच्या हाका ज्यातून मारायच्या तो एन्व्ह पॉइंटर ज्या थ्रेडवर मिळाला त्या थ्रेडपुरताच खरा असतो, जसा एका होडीचा परवाना दुसऱ्या होडीला चालत नाही. तो जागतिक चलात साठवून कुठूनही वापरण्याचे नमुने जालावर आढळतात, ते सरळ बाजूला सारावेत. साठवायचा तो सगळ्या थ्रेडना सामाईक असलेला जावाव्हीएमचा पॉइंटर. लायब्ररीच्या थ्रेडवर गेटएन्व्हने विचारावे, थ्रेड जोडलेला नसेल तर अटॅचकरंटथ्रेडने जोडावा आणि तो संपताना डिटॅच होईल याची सोय पीथ्रेडच्या कीला डिस्ट्रक्टर देऊन करून ठेवावी. प्रत्येक संदेशागणिक जोडणे आणि सोडणे हा खर्चाचा मार्ग आहे. उलट, न सोडता थ्रेड संपला तर अँड्रॉइड ॲपच बंद पाडते.

एवढे केल्यावरही नावावरून वर्ग शोधणारे फाइंडक्लास आपलाच वर्ग सापडत नाही म्हणून सांगते. वर्ग समोर दिसत असतो, नाव अक्षरन् अक्षर बरोबर असते आणि तरीही लॉगमध्ये क्लासनॉटफाउंड येते, तेव्हा माणूस तासन् तास स्पेलिंग तपासत बसतो. कारण वेगळेच असते: बाहेरून जोडलेल्या थ्रेडवर फाइंडक्लास व्यवस्थेचा क्लासलोडर (वर्ग शोधून आणणारा भाग) वापरते आणि त्याला ॲपमधले वर्ग माहीत नसतात. म्हणून लागणारे सगळे वर्ग व मेथड आयडी लायब्ररी लोड होताना चालणाऱ्या जेएनआय_ऑनलोडमध्येच शोधावेत, वर्गांचे ग्लोबल रेफरन्स (आपण मिटवेपर्यंत टिकणारे संदर्भ) करून ठेवावेत आणि पुढे तेच वापरावेत. बाजारातल्या प्रतीत आर८ हे कोड लहान करणारे साधन नावे बदलते किंवा न वापरलेले वाटणारे वर्ग काढून टाकते, तेव्हा सी कडून बोलावल्या जाणाऱ्या वर्गांना 'कीप' नियम लिहावा.

मजकूर सीकडून कोटलिनकडे नेताना आणखी एक खड्डा आहे. 'सुरमई' या शब्दाला यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट लागतात, प्रत्येक चिन्हाला तीन. प्रवाहातला तुकडा त्या १५ बाइटांच्या मध्येच संपू शकतो, आणि बाइटांचा जावा मजकूर करणाऱ्या न्यूस्ट्रिंगयूटीएफला असा अर्धा शब्द दिला तर ॲप कोसळू शकते. चार बाइटांच्या इमोजींचीही तीच गत, कारण त्या फंक्शनला अपेक्षित असलेले यूटीएफ-८ थोडे वेगळे असते. सीच्या बाजूला मजकूर तयार करूच नये. बाइट ॲरेमध्ये प्रत काढून कोटलिनकडे द्यावी आणि संदेश पूर्ण झाल्यावर तिथे त्याचा मजकूर करावा. लायब्ररीच्या बफरवर थेट बोट ठेवणारा डायरेक्ट बफर देण्याचा मोह टाळावा, कारण कॉलबॅक (संदेश आल्यावर लायब्ररी बोलावते ते आपले फंक्शन) परतताच लायब्ररी ती जागा पुन्हा वापरू शकते. लायब्ररीच्या थ्रेडवर लोकल रेफरन्स (जावा वस्तूंचे तात्पुरते संदर्भ) आपोआप सुटत नाहीत, तेही प्रत्येक फेरीत आपण सोडावेत. कोटलिनमध्ये एक्सेप्शन आले आहे का, हे प्रत्येक हाकेनंतर तपासावे. ते प्रलंबित ठेवून पुढच्या बहुतेक जेएनआय हाका मारता येत नाहीत.

बंद करण्याचा क्रम उलटला तर सगळे मुसळ केरात जाते. आधी लायब्ररीचा थ्रेड थांबवावा, तो संपेपर्यंत वाट पाहावी आणि त्यानंतरच संदेश ऐकणाऱ्या कोटलिनमधल्या वस्तूचा ग्लोबल रेफरन्स मिटवावा. ही वाट पडदा हाताळणाऱ्या मुख्य थ्रेडवर पाहू नये: कॉलबॅक मुख्य थ्रेडसाठी खोळंबलेला असेल तर दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतात. म्हणूनच कॉलबॅकने काम पुढे ढकलून लगेच परतावे, उत्तरासाठी थांबू नये.

चाचणी घरच्या वायफायवर करून भागत नाही. टेबलावर विमान मोड चालू-बंद करून, मग वायफाय तोडून मोबाइल डेटावर येऊन पाहावे. त्यानंतर रत्नागिरीहून चिपळूणच्या दिशेने रेल्वेने जावे. भोके आणि उक्षी यांच्या दरम्यान कोकण रेल्वेचा सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. आत गेल्यावर लायब्ररी बॅटरी जाळत सारखे प्रयत्न करते का आणि बाहेर आल्यावर भाव किती वेळात हलू लागतात, हे तिथे लख्ख कळते. लायब्ररीला नेटवर्क बदलल्याचे आपसूक समजेल यावर विसंबू नये; नेटवर्कची खबर देणाऱ्या अँड्रॉइडच्या कनेक्टिव्हिटी मॅनेजरचा कॉलबॅक ऐकून तिला आपणच कळवावे. असे मोठे बदल जून-जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात बाहेर काढावेत, ऐन हंगामात नव्हे.

प्रकाशित केलेल्या प्रत्येक आवृत्तीची, डीबग चिन्हे (फंक्शनांची नावे आणि ओळी यांची माहिती) न काढलेली '.एसओ' फाइल आवृत्ती क्रमांकासह जपून ठेवावी आणि डीबग चिन्हे प्ले कन्सोलवरही चढवावीत. तीच फाइल हाती असेल तर कोसळल्याच्या नोंदीतले मेमरीतले पत्ते एनडीके-स्टॅक या साधनाला देऊन फंक्शनचे नाव आणि ओळ मिळते. नंतर नव्याने बांधलेल्या फाइलवर ते पत्ते जुळतीलच असे नाही.