जोडीदाराच्या वाढदिवसासाठी बोर्डगेम कसा निवडावा

लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मी माझ्या यजमानांना एक बोर्डगेम भेट दिला होता. खोका देखणा होता, नियम फारसे अवघड नव्हते आणि ज्यांनी तो खेळला होता ते सारे त्याची तारीफ करीत होते. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत ‘3 ते 4 भिडू’ असे छापले होते, तेवढे मी पाहिले नव्हते. गोव्यात फोंड्याच्या घरात आम्ही दोघेच राहत होतो. वर्षभरात तो खोका दोनदा उघडला गेला, एकदा चतुर्थीला आणि एकदा दिवाळीला, तोही नणंद आणि तिचे यजमान मुक्कामाला आले होते म्हणून. तेव्हापासून चित्र, किंमत आणि कीर्ती यांच्या आधी भिडूंचा आकडा पाहावा, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे.

हा आकडा दोन प्रकारे फसवतो. पहिला प्रकार उघड आहे. क्लाउस टॉयबर यांचा 1995 साली आलेला ‘कॅटन’ हा जगभर गाजलेला खेळ मुळात 3 ते 4 जणांचा आहे, कारण त्याची सारी गंमत लाकूड, विटा, धान्य यांच्या आपसांतील देवाणघेवाणीत आहे, आणि दोघांतच सौदा करायचा झाला तर एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानी ठरत असल्यामुळे कोणीच हात सैल सोडत नाही. दुसरा प्रकार जरा लपलेला असतो. ‘2 ते 5 भिडू’ असे छापलेल्या खेळांपैकी काही दोघांत खरोखर रंगतात, तर काही दोघांत केवळ चालतात. फरशा जुळवून शहरे, रस्ते आणि मठ उभारण्याचा ‘कार्कासोन’ हा 2000 सालचा खेळ पहिल्या गटातला आहे; किंबहुना दोघांत खेळताना त्यातील डावपेच अधिक धारदार होतात. असा फरक खोक्यावरून कळत नाही. तो जाणून घेण्यासाठी ‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर त्या खेळाचे पान उघडावे; किती जणांत तो सर्वांत चांगला वाटतो याविषयी खेळणाऱ्यांनी दिलेली मते तेथे आकड्यांत पाहता येतात.

घरात दोघेच असतील, तर केवळ दोघांसाठी रचलेला खेळ घेणे सर्वांत सुरक्षित ठरते. उंट आणि मालाच्या व्यापाराचा ‘जयपूर’ (2009), राइनर क्निझिया यांचा ‘लॉस्ट सिटीज’ (1999), ‘सेव्हन वंडर्स ड्युएल’ (2015) ही त्यांपैकी ठळक नावे होत. मला स्वतःला यांतला सर्वांत प्रिय खेळ विचाराल, तर तो उवे रोझेनबर्ग यांचा 2014 सालचा ‘पॅचवर्क’ आहे. दोघांनी आपापल्या 9 बाय 9 घरांच्या पटावर कापडाचे वेडेवाकडे तुकडे बसवून गोधडी शिवायची असते. तुकड्याची किंमत गुंड्यांमध्ये आणि वेळेमध्ये मोजावी लागते, आणि शेवटी रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक घरामागे दोन गुण जातात. ज्याने आतापर्यंत कमी वेळ खर्चला आहे त्याचीच पाळी येते, त्यामुळे कधी कधी एकालाच लागोपाठ दोन-तीन चाली मिळतात. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्यांना हा खेळ समजावून सांगताना मला जेमतेम पाच मिनिटे लागली.

यानंतर येतो जोडीदाराचा स्वभाव. या बाबतीत ‘तुला कसले खेळ आवडतात?’ असे विचारून फारसे काही हाती लागत नाही. उत्तर बहुधा ‘कसलेही’ असे येते. त्याऐवजी तो आजवर पत्ते किंवा कॅरम कसा खेळत आला आहे ते आठवावे. चतुर्थीच्या दिवसांत रात्री आरत्या आटोपल्यावर घरोघरी पत्त्यांचे डाव मांडले जातात, आणि माणसाची पारख करायला त्याहून चांगली जागा नाही. कोणते पत्ते पडून गेले याचा हिशेब मनात ठेवणारा एक असतो, हातात हुकूम आला की चेहरा न लपवता येणारा दुसरा असतो, आणि डाव कोणाचाही होवो, गप्पा रंगल्याशी ज्याला मतलब असा तिसरा असतो. पहिल्याला ‘हाइव्ह’सारखा खेळ द्यावा, ज्यात फासेही नाहीत आणि पत्तेही नाहीत; प्रत्येकाच्या अकरा सोंगट्या असतात, मुंग्या, कोळी, भुंगे आणि नाकतोडे आपापल्या रीतीने सरकतात, आणि समोरच्याच्या राणीमाशीला चोहोबाजूंनी वेढले की डाव जिंकला. दुसऱ्याला नशिबाचा थोडा झुला असलेला ‘जयपूर’ किंवा ‘लॉस्ट सिटीज’ अधिक मानवतो. तिसऱ्यासाठी खेळ घ्यावाच का, याचा मी आधी विचार करीन. घ्यायचाच झाला तर अर्ध्या तासात संपणारा घ्यावा.

हरल्यावर जोडीदार कसा वागतो, हे त्याहूनही महत्त्वाचे आहे. रडीचा डाव खेळणारी माणसे वाईट नसतात, परंतु नवरा-बायकोत रोज एकाने हरायचे असा बेत काही घरांत टिकत नाही. अशा वेळी दोघांनी मिळून खेळाविरुद्ध खेळायचे प्रकार उपयोगी पडतात. मॅट लीकॉक यांच्या ‘पॅन्डेमिक’ (2008) मध्ये चार रोगांच्या साथी जगभर पसरत असतात आणि सर्व भिडूंनी एकजुटीने त्यांवर उपाय शोधायचे असतात; जिंकले तर सारे जिंकतात, हरले तर सारे हरतात. मात्र भेट देणाऱ्याने येथे स्वतःकडेही पाहावे. ज्याला दुसऱ्याची चाल सांगितल्यावाचून राहवत नाही, त्याच्या हातात असा खेळ पडला की समोरचा केवळ सोंगट्या हलवणारा हरकाम्या होऊन बसतो. माझ्यात हा दोष आहे, हे मी कबूल करते. आमच्याकडे त्यावरचा उतारा ‘हनाबी’ने दिला. त्यात आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, ते समोरच्याकडे तोंड करून धरायचे असतात, आणि मोजक्या संकेतांपलीकडे काही बोलायची मुभा नसते.

विषयाची आवड हा मुद्दा मी मुद्दामच मागे ठेवला आहे, कारण पुष्कळजण त्याच्याच आहारी जातात. क्रिकेटवेड्या माणसाला क्रिकेटचाच खेळ आवडेल असे नाही. तरीही विषय आणि खेळ दोन्ही जुळले तर भेटीला वेगळीच लज्जत येते. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांची चित्रे आहेत, आणि आपल्याकडे कित्येक घरांच्या दाराशी नावाच्या पाट्याही त्याच धर्तीच्या असतात. ज्याची नजर अशा फरशांवर खिळते, त्याला मिखाएल कीसलिंग यांचा ‘अझूल’ (2017) द्यावा. हा खेळ पोर्तुगालच्या त्याच फरशांवर बेतलेला आहे. पाच प्रकारच्या प्रत्येकी वीस, अशा 100 गुळगुळीत फरशा पिशवीतून काढून आपल्या भिंतीवर मांडायच्या असतात, आणि त्या बोटांत खेळवण्यातच अर्धे सुख आहे. त्याच्या गोडव्यावर मात्र विसंबू नये. दोघांत खेळताना समोरच्याला नको असलेल्या फरशा उचलायला भाग पाडणे, हाच त्यातला मुख्य डाव होऊन बसतो. दुर्बीण घेऊन चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात पहाटे जाणारा जोडीदार असेल, तर एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा ‘विंगस्पॅन’ (2019) किंवा त्याचा 2022 साली आलेला, एकट्याने वा दोघांनी स्वतंत्रपणे खेळता येणारा आशियाई संच पाहावा. त्यातील प्रत्येक पत्त्यावर एक खरा पक्षी असतो. पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजीत असतो आणि तो सतत वाचावा लागतो, हे लक्षात ठेवावे. ‘अझूल’, ‘पॅचवर्क’ आणि ‘हाइव्ह’ यांत खेळताना वाचायचे काहीच नसते, त्यामुळे नियम एकदा मराठीत सांगितले की घरातले वडीलधारेही बसू शकतात. ‘स्क्रॅबल’ मात्र दोघांचे इंग्रजी तोडीस तोड असेल तरच द्यावा.

किती अवघड खेळ घ्यावा याची एक सोपी खूण आहे. जर्मनीत 1979 पासून ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, हा पुरस्कार दिला जातो, आणि तो मिळालेल्या खेळाच्या खोक्यावर तांबड्या सोंगटीचे चिन्ह असते. असे खेळ नवख्यालाही झेपतात. ‘कॅटन’, ‘कार्कासोन’, ‘हनाबी’ आणि ‘अझूल’ हे सारे त्या यादीतले आहेत. 2011 पासून थोड्या जाणत्या खेळगड्यांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला, त्याची सोंगटी काळपट राखाडी असते. ‘विंगस्पॅन’ला तो 2019 साली मिळाला. जोडीदाराने आजवर लुडो आणि कॅरम यांपलीकडे काही खेळले नसेल, तर तांबड्या सोंगटीच्या पुढे जाऊ नये.

आपल्या हवेचा विचार खेळ रचणाऱ्या युरोपीय मंडळींनी केलेला नसतो, तो आपल्यालाच करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात पंख्याखाली बसल्यावाचून खेळणे अशक्य असते, आणि पंखा चालू असला की पातळ पत्ते आणि कागदी नोटा घरभर उडतात. वाढदिवस उन्हाळ्यात येत असेल, तर जड सोंगट्यांचा खेळ घ्यावा. ‘हाइव्ह’च्या सोंगट्या बेकेलाइटच्या असतात, त्याला पटच लागत नाही, आणि तो बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, समुद्रकिनारी किंवा वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडातही खेळता येतो.

खरेदीविषयी थोडक्यात सांगते. खेळण्यांच्या नेहमीच्या दुकानांत बहुधा लुडो, ‘मोनोपॉली’ आणि ‘स्क्रॅबल’च्याच राशी असतात, वर सांगितलेले खेळ बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावे लागतात. निदान तीन आठवडे हातात ठेवावेत. किंमत इतरत्र दिसते त्याच्या निम्मी असेल, तर विक्रेता कोण आहे ते तपासावे. गाजलेल्या खेळांच्या नकला पुष्कळ विकल्या जातात, आणि त्यांतील पत्ते पातळ, रंग फिके आणि नियमपुस्तिका चुकांनी भरलेली असते.

खेळ घरी आला म्हणजे भेट तयार झाली असे समजू नये. नियम शिकण्याचे काम भेट देणाऱ्याचे आहे, आणि माझ्या मते भेटीचा मोठा वाटा तोच आहे. औक्षण झाले, केक कापला, पाहुणे गेले, आणि मग दोघांनी बसून वीस पानांची नियमपुस्तिका वाचायची, हा प्रसंग मी एकदा ओढवून घेतला आहे. पाचव्या पानावर यजमान झोपले होते. नियमपुस्तिका बहुतेक प्रकाशकांच्या संकेतस्थळावर मिळते, ती आधी वाचावी, खेळाची एखादी चित्रफीत पाहावी, आणि कोणाला तरी नियम मोठ्याने समजावून सांगण्याचा सराव करावा. स्वतःच दोन्ही बाजूंनी एक डाव खेळून पाहता आला तर फारच उत्तम. मात्र ज्या खेळात पुठ्ठ्यातून तुकडे ढकलून काढायचे असतात, तो खोका उघडू नये. ते तुकडे सुटे करण्याचा आनंद ज्याचा वाढदिवस आहे त्याचा आहे.

समजावताना जिंकायचे कसे हे सर्वप्रथम सांगावे, मग एका पाळीत काय काय करता येते ते सांगावे, आणि अपवाद प्रसंग येईल तेव्हाच काढावेत. पहिला डाव पत्ते उघडे ठेवून खेळावा व त्याचे गुण धरू नयेत. वाढदिवस आहे म्हणून मुद्दाम हरूही नये. समोरच्याला ते चौथ्या चालीलाच कळते आणि दुसरा डाव मांडण्याची त्याची इच्छा तेथेच संपते.

राहिला प्रश्न ठेवण्याचा. जून ते सप्टेंबर या काळात पुठ्ठ्याचे पट वाकतात, खोक्याच्या आतल्या बाजूला बुरा येतो आणि पत्ते एकमेकांना चिकटतात. पत्त्यांना पारदर्शक वेष्टने घालावीत, सुट्या वस्तू चेनच्या प्लास्टिक पिशव्यांत भराव्यात, खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तो ठेवू नये. माळ्यावर तर मुळीच टाकू नये, कारण तेथे गेलेला खेळ पुढच्या चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान काढतानाच खाली येतो. बसल्या जागेवरून हात पोहोचेल असा टीपॉयखालचा कप्पा रिकामा करून घ्यावा, आणि ते काम शक्यतो वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच उरकावे.