मराठी साहित्य घेऊन बी.ए. करताय? या चुका टाळा

मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्यांचे चेहरे दरवर्षी बदलतात, चुका त्याच राहतात. ‘आपलीच भाषा, तिचा काय अभ्यास करायचा’ म्हणत जूनमध्ये वर्गात येणारा विद्यार्थी ऑक्टोबरात ‘मॅडम, इम्पॉर्टंट द्या ना’ म्हणत स्टाफरूमच्या दारात उभा असतो. मधल्या काळात नेमलेलं पुस्तक त्याच्या हाताला लागलेलं नसतं. बाकीच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटी जन्मतात, म्हणून आधी तिचा समाचार घेते.

सिनेमा बघून नाटकाचा पेपर लिहिणं

एका वर्षी ‘नटसम्राट’ नेमलेलं होतं. अंतर्गत परीक्षेत साधा प्रश्न दिला: अप्पासाहेब बेलवलकरांचं एकाकीपण स्पष्ट करा. पेपर तपासायला घेतले आणि रामभाऊ भेटायला लागले. रामभाऊंची मैत्री, रामभाऊंचं आजारपण, ‘रामभाऊंच्या जाण्याने अप्पा खऱ्या अर्थाने एकाकी होतात’. पेपरमागून पेपर तेच. मुलीचं नाव विद्या. शिरवाडकरांच्या नाटकात रामभाऊ नाहीत, मुलगी नलू आहे. रामभाऊ आणि विद्या 2016 च्या सिनेमातले.

गुण दिले नाहीत म्हणून एक मुलगा भांडायला आला. ‘मॅडम, तीन पानं लिहिलीत, एकही मार्क नाही?’ मी कपाटातलं पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, ‘रामभाऊ दाखव, आत्ता मार्क देते.’ त्याने सुरुवातीच्या पात्रांच्या यादीवरून बोट फिरवलं, एकदा खाली, एकदा वर. मग पानं चाळली. पुस्तक पहिल्यांदाच उघडत होता हे त्याच्या हातांवरून कळत होतं. शेवटी म्हणाला, ‘पण मॅडम, पिक्चर चांगला आहे.’ असेल. पेपर पिक्चरचा नव्हता.

यात फक्त नावं चुकत नाहीत, उत्तरच उलटं होतं. सिनेमात अप्पांना बरोबरीचा मित्र आहे, मन मोकळं करायला जागा आहे. 1970 साली रंगमंचावर आलेल्या नाटकात मन मोकळं करायला मुख्यतः बायको कावेरी, नाहीतर थेट प्रेक्षक. ती लांबलचक स्वगतं तिथून येतात. एकाकीपणावरचा प्रश्न त्या स्वगतांवर उभा आहे, आणि नेमकं तेच उत्तरातून गायब.

गाईडचं दुखणं याहून जुनं. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत नेमलेल्या पुस्तकाआधी त्याचं गाईड मागणारी मुलं मी पाहिली आहेत. आता त्यात यूट्यूबवरची ‘वीस मिनिटांत संपूर्ण कादंबरी’ आणि मोबाईलमधला एआय यांची भर पडली. हा एआय तर तुकोबांच्या नावावर तुकोबांनी न लिहिलेला अभंगही बिनदिक्कत देतो. माझी पद्धत जुनाट आहे: पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय, गोष्ट वाचावी तसं. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल, आणि वहीत फक्त पान क्रमांक आणि चार शब्द. गाईड वाचायचंच असेल तर त्यानंतर वाचा. तोवर त्यातल्या चुका तुम्हालाच दिसायला लागतात.

अर्धी ओवी

‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।’ मराठी भाषा गौरव दिनाच्या फलकावर इथेच पूर्णविराम, आणि उत्तरपत्रिकेतही इथेच. खाली स्पष्टीकरण: ज्ञानेश्वरांनी मराठी अमृताहून गोड असल्याचं सांगितलं आहे.

अहो, ओवीला चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा आखूड आणि मोकळा. कौतुकें, जिंके... तिसरा कुठे गेला, हा प्रश्न पडायला विद्वान असावं लागत नाही. सहाव्या अध्यायातली ही ओवी पुढे ‘ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥’ अशी संपते. ‘मेळवीन’ हे भविष्यकाळी क्रियापद आहे. माझं बोलणं मराठीच खरं, पण पैजेत अमृतालाही हरवतील अशी रसाळ अक्षरं मी जुळवीन, असं ज्ञानेश्वर म्हणतात. भाषा आयतीच अमृताहून गोड आहे असं ते म्हणत नाहीत, ती तशी करून दाखवीन म्हणतात. कवीने स्वतःवर घेतलेली जबाबदारी आपण भाषेच्या कौतुकात खपवून टाकतो.

म्हणून अवतरण पाठ करण्याआधी मूळ ग्रंथात त्याची जागा शोधा, मागची आणि पुढची ओवी वाचा. शब्द अडला तर अंदाज बांधू नका. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. ‘जुनी मराठी कळतच नाही’ ही तक्रार कोश उघडलेल्या मुलांकडून मी फारशी ऐकलेली नाही.

आता पटापट

शक आणि इसवी सन यांची गल्लत. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 78 मिळवून इ.स. 1290. थेट ‘इ.स. 1212’ लिहिलंत तर 1275 साली जन्मलेल्या ज्ञानेश्वरांनी ती जन्माआधीच लिहिली असं होतं.

दोन बहिणाबाई. एक सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. दुसऱ्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी, ज्यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपात आली. ‘संत बहिणाबाईंनी खानदेशी वळणाच्या ओव्यांत शेतीचं चित्रण केलं’ या एका वाक्यात दोघींवरही अन्याय होतो.

कुसुमाग्रज आणि गोविंदाग्रज. पहिले शिरवाडकर, दुसरे राम गणेश गडकरी. टोपणनावांची एक यादी वहीच्या मागच्या पानावर करा.

निवेदकाला लेखक समजणं. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडे नव्हेत. आत्मकथनातही सावध राहा: ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे हे दोन भाग का केले, हा प्रश्नच ज्याला दिसत नाही त्याने पुस्तक वरवर चाळलं आहे.

कवीच्या जन्मगावापासून उत्तर सुरू करणं. मर्ढेकर 1909 साली फैजपूरला जन्मले हे मलाही माहीत आहे. दहा गुणांच्या उत्तराचं पहिलं पान त्यात घालवल्यावर कवितेला उरतात चार ओळी, आणि त्यांतही ‘पिपात ओले उंदीर मेले’. बहुतेक जण उंदरांना ओलं करतात. मर्ढेकरांनी पीप ओलं ठेवलंय.

विशेषणांची भेळ. हृदयस्पर्शी, वास्तवदर्शी, चिंतनशील, कालातीत. असं वाक्य लिहिलंत की लेखकाचं नाव झाकून तिथे दुसऱ्याचं घाला. वाक्य तरीही बसलं तर खोडा.

नाटकातले कंस गाळणं

ही माझी खास चीड. कंसात छापलेल्या रंगसूचना म्हणजे दिग्दर्शकाची भानगड, असं समजून मुलं फक्त संवाद वाचतात. मग तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर उत्तर येतं: ‘शेवटी बेणारेबाई कोर्टाला खडे बोल सुनावते.’ सुनावते कोणाला? नाटकातल्या लुटुपुटूच्या खटल्यात ती आरोपी आहे, आणि बाजू मांडायला तिला दहा सेकंद दिलेले आहेत. ती बोलायला लागते तेव्हा बाकीची माणसं जागच्या जागी थिजलेली असतात. तिचं ते सगळं बोलणं कोर्टापर्यंत पोचतच नाही, आणि ते संपल्यावर निकाल असा दिला जातो की जणू ती काही बोललीच नव्हती. संवाद तेवढे वाचले तर बंडखोर नायिका दिसते, कंसासकट वाचलं तर एक शब्दही नोंदवला न गेलेली बाई.

नाटक नेमलेलं असेल तर चार-पाच जण जमा, भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. एकाला फक्त कंस द्या. हे काम कोणालाच नको असतं, पण माझ्या वर्गात ते केलेल्यांनी परीक्षेत बेणारेबाईंचं उत्तर चुकवलेलं नाही.