मॉपची बादली: पिळायचं कसं आणि किती

आमचं घर इंदूरला रामबागेत, खाली सासऱ्यांनी बांधलेला मजला आहे त्यात सगळा कोटा स्टोन, आणि वर आम्ही नंतर चढवलं तिथे टाइल्स. म्हणजे फरश्या दोन तऱ्हेच्या आणि मॉप एकच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात खाली पोछा झाला होता, मॉप नीट पिळलेला नव्हता, फरशी बराच वेळ ओलीच राहिली, आणि सासूबाई देवघरातून फुलं घेऊन बाहेर तुळशीकडे निघाल्या तर पाय सटकला. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून मी ह्या बादलीकडे फार लक्ष देऊन बघायला लागले, कारण बादली महागाची होती, मॉप चांगला होता, फिनाइल पण घातलं होतं, फक्त पिळणं चुकलं होतं.

तर हे पिळण्याबद्दलच आहे मुख्यतः. बाकीचं जाता जाता सांगते.

आधी बादली घ्यायची असेल तर. बाजारात दोन प्रकार दिसतात, एक पायाने पेडल मारून जाळी (ज्यात मॉप ठेवून पिळतात ती) फिरवायची आणि दुसरा हाताने दांडा खाली दाबून फिरवायचा. माझं ऐकाल तर दांडा दाबायचा घ्या. पेडलवाल्यात बादलीच्या खाली प्लास्टिकचे दाते असतात, जोर सगळा त्यांच्यावर येतो, आमची पहिली बादली पेडलची होती आणि आठ महिन्यांत दाते झिजून पेडल नुसतंच खाली-वर व्हायला लागलं. ज्या दुकानातून घेतली तिथे म्हणाले ह्याचा पार्ट येत नाही, नवीन बादली घ्या. दांड्यावाल्यात बादली साधी असते, यंत्र सगळं दांड्यात, आणि दांडा बिघडला तर एकटा दांडा वेगळा मिळतो. ऑनलाइन घेण्यापेक्षा राजवाड्याजवळ बर्तन बाजारात जाऊन हातात घेऊन बघा. जाळी स्टीलची आहे का, बादलीला खाली पाणी सोडायचं बूच आहे का (हे फार महत्त्वाचं, सहा लिटर पाणी म्हणजे सहा किलो वजन, ते उचलून ओतायला लागलं तर कंबर गेली), चाकं हलतात का नीट, आणि मॉपची गोल चकती किती रुंद आहे. साधारण १६ सेंटीमीटरची चकती बऱ्याच कंपन्यांची असते, ती असली की रिफिल, म्हणजे त्यावर बसवायच्या बदलीच्या दोऱ्या, कुठेही मिळतं, काहीतरी वेगळाच आकार असला की मग त्या एकाच कंपनीच्या मागे फिरा.

आता ते पिळायचं यंत्र चालतं कसं ते समजून घ्या, समजलं की चुका आपोआप कमी होतात. दांड्यात दोन नळ्या असतात, एकीत दुसरी, आणि आत एक पिळदार पट्टी. लहानपणी जत्रेत टिनाचा भोवरा मिळायचा ना, वरून दांडी दाबली की गरगर फिरायचा, अगदी तेच. वरची नळी खाली दाबली की खालचा भाग गोल फिरतो, वर घेतली की तो उलटा फिरत नाही, मोकळा सुटतो आणि आपल्या वेगात फिरतच राहतो, म्हणून दुसऱ्यांदा दाबलं की वेग आणखी वाढतो. आणि मॉप जाळीत जोरात फिरला की पाणी बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि जाळीच्या भोकांतून निघून बादलीत पडतं. वॉशिंग मशीनचा ड्रायर जे करतो तेच. म्हणजे हे ताकदीचं काम नाहीये, वेगाचं आहे. आमच्या कामाच्या मावशी सुरुवातीला अंगाचा भार देऊन दाबायच्या, एकदाच, कपडा पिळल्यासारखं, आणि म्हणायच्या ह्याने काही पिळलं जात नाही. भार नको, लय हवी. दाब, सोड, दाब, सोड.

पाणी भरताना बादलीच्या आत मॅक्सची रेघ असते तिच्या खालीच थांबा. जाळीचा तळ पाण्याला लागता कामा नये. लागला तर पिळताना जाळी पाणी घुसळते, चारी बाजूंना शिंतोडे उडतात, आणि मॉप काही कोरडा होत नाही कारण तो पाण्यातच फिरतोय. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, ज्या दिवशी नर्मदेचं पाणी भरलेलं असतं त्या दिवशी ठीक, पण बोअरिंगचं पाणी वापरलं की टाइल्सवर पांढरे डाग दिसतात, गडद रंगाच्या टाइल्सवर तर फारच. पाण्यात क्षार असतात, पाणी उडून जातं आणि क्षार फरशीवर बसतात. ह्यावर उपाय पुन्हा तोच, मॉप जास्त पिळा. फरशीवर पाणीच कमी गेलं तर मागे राहणार काय.

फिनाइल एक झाकण पुरे. जास्त घातलं म्हणजे जास्त स्वच्छ असं नसतं, फरशी चिकट होते, चपला चटचट वाजतात आणि त्या चिकटपणावर धूळ अजून बसते.

आणि पुसायच्या आधी झाडू. हे सांगायची गरज नाही असं वाटेल पण घाईत लोक मॉपनेच केर ओढतात, मग केस आणि कचरा दोऱ्यांमध्ये गुंततो, तिथून जाळीत जातो, आणि जाळीच्या खाली जी खुंटी असते तिच्याभोवती गुंडाळला जातो. रंगपंचमीच्या दिवशी तर हे फार पाळा. मुलं राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघून घरी येतात, पायांना, केसांना, कपड्यांना गुलाल, आणि ओटल्यापासून मोरीपर्यंत पावलं उमटतात. त्यावर ओला मॉप फिरवलात की संपलं, कोटा स्टोन तो रंग पिऊन टाकतो. आधी कोरडंच झाडायचं, दोनदा, मग कोरडा मॉप एकदा, आणि मगच ओला, तोही पाणी बदलून बदलून. पावसाळ्यातल्या काळ्या मातीचं पण असंच आहे, आपली माळव्याची माती ओली असताना चिकटते, तिला वाळू द्या, झाडा, मग पुसा.

आता पिळणं. मॉप पाण्यात बुडवताना दांड्याचं लॉक लावलेलं असू द्या म्हणजे दांडा आत-बाहेर होत नाही. काही बादल्यांमध्ये पाण्याच्या बाजूला पण एक खुंटी असते, तिच्यावर मॉप ठेवून लॉक उघडून दाबला की पाण्यात फिरून धुतला जातो, ते छान असतं. मग मॉप वर उचला आणि पाच-सात सेकंद तसाच धरा, बरंचसं पाणी तिथेच निथळतं. हे पाच सेकंद कोणी देत नाही. थबथबलेला मॉप तसाच जाळीत टाकला की जाळी जड होते, एका बाजूला कलते, थडथड करते आणि शिंतोडे पायावर.

जाळीत ठेवताना सगळ्या दोऱ्या आत गेल्या का बघा, एखादी बाहेर लोंबत असेल तर हाताने आत घाला. दांडा सरळ उभा, अगदी खांबासारखा. लॉक उघडा. एक हात वर टोकाला, दुसरा मध्ये नुसता आधाराला, आणि पहिले दोन दाब हळू, जाळीला वेग येऊ द्या. सुरुवातीला जड घर्र घर्र आवाज येतो आणि बादलीच्या कडेवर पाणी आपटल्याचा पटपट आवाज, मग चार-पाच दाबांनंतर तो पटपट कमी होत जातो आणि शेवटी नुसता हलका सूं आवाज राहतो. तो हलका आवाज आला की पाणी निघालं. मी आता दाब मोजत नाही, आवाजावरूनच कळतं. पण सुरुवातीला मोजायचे तर असं धरा, टाइल्ससाठी पाच-सहा, कोटा स्टोनसाठी आठ-दहा, आणि लाकडी किंवा लॅमिनेटची फरशी असेल तर बारा-पंधरा, म्हणजे मॉप हाताला नुसता गार लागला पाहिजे, ओला नाही. लाकडाच्या सांध्यांमध्ये पाणी गेलं की ते फुगतं आणि कडा वर येतात.

बरोबर पिळलंय की नाही ह्याची परीक्षा सोपी आहे. पिळलेला मॉप हवेत धरा, एकही थेंब पडता कामा नये. मग एक हात मारा आणि पंखा चालू करा, दोन-तीन मिनिटांत ती पट्टी कोरडी झाली पाहिजे. पाच मिनिटांनी पण चमकत असेल तर पिळणं कमी पडलं. पावसाळ्यात हवाच ओली असते तेव्हा दोन-चार दाब जास्तच द्या, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर कृपा करून ह्यात कसूर करू नका.

पुसताना लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे, मागे मागे सरकत. दांडा थोडा तिरका करा म्हणजे चकती सपाट बसते आणि पलंगाखाली पण जाते. मॉप उचलून उचलून आपटू नका, सापासारखा वळवत न्या.

ह्या बादलीची एक मोठी अडचण आहे आणि ती कोणी सांगत नाही. पिळलेलं घाण पाणी परत त्याच बादलीत पडतं. म्हणजे दुसऱ्या खोलीपासून तुम्ही घाण पाण्यानेच पुसताय. हल्ली स्वच्छ आणि घाण पाणी वेगळं ठेवणाऱ्या बादल्या निघाल्यात, पण साध्या बादलीत पण हे जमतं, घरातली एक जुनी बादली घ्या. फिनाइलचं स्वच्छ पाणी जुन्या बादलीत, आणि मॉपच्या बादलीत नुसतं साधं पाणी. मळलेला मॉप मॉपच्या बादलीत धुवायचा, तिथेच जाळीत पिळायचा, मग स्वच्छ बादलीत बुडवायचा, निथळवायचा आणि पुन्हा जाळीत पिळायचा. जुन्या बादलीत मळलेला मॉप कधीच जात नाही आणि तिथे घाण परत पडत पण नाही. एकदा करून बघा, शेवटी दोन्ही बादल्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांनी दिसतो, एक दुधाळ आणि एक चहासारखी. साध्या पाण्याच्या बादलीचा तळ दिसेनासा झाला की बदला, आमच्या खालच्या मजल्याला दोनदा लागतं.

स्वयंपाकघराला आणि बाथरूमला रिफिल वेगळं ठेवा, ह्यावर तडजोड नाही. रिफिलच्या दोऱ्यांवर एका बाजूने पाय ठेवून दांडा तिरका ओढला की ते निघतं, नवं जमिनीवर ठेवून वरून दांडा दाबला की टक आवाज येऊन बसतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

कोटा स्टोन असणाऱ्यांसाठी एक वेगळं. तो चुनखडीचा दगड आहे, त्याला ॲसिड चालत नाही. टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबू, काहीही आंबट त्या पाण्यात घालू नका, पॉलिश खाल्लं जातं आणि पांढुरके चट्टे पडतात ते पुसून जात नाहीत. आणि ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एका बादलीत कधीच नको, क्लोरीन वायू होतो आणि तो छातीत जातो. बंद बाथरूममध्ये तर फारच धोक्याचं.

मला एक गोष्ट फार आवडते ती सांगते. स्पेनमध्ये पण बायका गुडघ्यांवर बसून फरशी पुसायच्या, आपल्याकडच्या आयांसारख्याच. तिथे सारागोसा शहरात मान्युएल हालोन नावाचे विमानांचे इंजिनिअर होते, ते अमेरिकेत गेले असताना त्यांनी विमानांच्या हँगरमध्ये माणसं उभ्याने मॉप मारताना आणि बादलीवरच्या रोलरमध्ये तो पिळताना बघितली, आणि १९५६ मध्ये घरात वापरता येईल असा मॉप आणि बादली तयार केली. तिकडे त्याला फ्रेगोना म्हणतात. माझ्या आईने ओणवं बसून, पोतेरं हाताने पिळत चाळीस वर्षं फरशा पुसल्या, आज तिचे दोन्ही गुडघे गेलेत आणि बोटं हिवाळ्यात आखडतात. म्हणून ही बादली मला चैनीची वस्तू वाटत नाही. मावशींना पण हीच द्या, फडकं देऊन खाली बसवू नका.

काम झालं की मॉप साध्या पाण्यात धुवा, पूर्ण पिळा, आणि दोऱ्या वर करून उन्हात उभा करा. ओला मॉप बादलीत तसाच ठेवला की दुसऱ्या दिवशी कुबट वास, आणि तोच वास मग सगळ्या घराला. आठवड्यातून एकदा रिफिल साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, कम्फर्टवगैरे कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याने मायक्रोफायबरच्या धाग्यांवर थर बसतो आणि ते पाणी ओढेनासे होतात. उकळत्या पाण्यात पण नको. दोऱ्या आखूड, कडक झाल्या की बदला, रोज वापर असेल तर तीन-चार महिने चालतं.

फिनाइलचं पाणी कुंड्यांत ओतू नका, मोरीतच सोडा.

आणि बिघडलं तर लगेच फेकू नका. जाळी अडखळत असेल तर ती वर ओढून काढा, खाली खुंटीला केसांचा गोळा असणार, जुन्या टूथब्रशने आणि कात्रीने काढा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. जाळीवर क्षारांचा पांढरा थर असेल तर ती बाथरूममध्ये नेऊन व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, कोटा स्टोनवर नाही. दांडा पुसताना आपोआप खाली बसत असेल तर लॉकची कडी सैल झालेली असते, ती फिरवून घट्ट करा. आणि फिरताना चकती निसटत असेल तर तिच्या मधल्या भोकाच्या कडा बघा, त्या झिजून गोल झाल्या असतील तर फक्त चकती नवी घ्या, दांडा चांगलाच असतो.